जोत्याचा हिशेब

शनिवारवाड्यात तिकीट काढून शिरणारा माणूस वाडा बघायला जातो आणि जोती बघून येतो. तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा सोडला तर आत उरलंय ते एवढंच: कुठे गुडघ्याइतक्या, कुठे कमरेइतक्या दगडी बैठका, त्यांच्या पायऱ्या आणि कारंज्यांचे हौद. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. पुढच्या पेशव्यांनी मजले चढवले, दिवाणखाने वाढवले. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, नक्षीची छतं, सगळं त्यात गेलं. आगीला खाता आलं नाही ते जोतं.

मी आयुष्यभर इस्टिमेटं केली. पायापासून गच्चीपर्यंत एकेका बाबीचं माप घ्यायचं, दर लावायचा, रक्कम काढायची. त्यामुळे कुठलाही बांधकामखर्च वाचला की माझं मन आपोआप त्याच्या बाबी पाडायला लागतं. १६,११० वाचतानाही तेच झालं. गिऱ्हाईक घर बघायला आलं की वर बघतं, झुंबर कुठे लागेल ते बघतं. जमिनीकडे बघतं ते फक्त टाइल्सचा रंग ठरवायला. पण ज्यानं घर बांधलं त्याचा मोठा पैसा पायाखाली गेलेला असतो.

हल्ली ऊर्जा वाचवणाऱ्या घरांची चर्चा फार आहे आणि ती व्हायलाच हवी. त्या चर्चेतला एक प्रश्न माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा येतो: तळमजल्याच्या जमिनीखाली इन्सुलेशन घालायचं का, आणि घातलं तर पैसे वसूल होतात का? युरोपात याचं उत्तर कोष्टकात तयार मिळतं. पुण्यात ते शोधायचं तर गेल्या तीनशे वर्षांत पुणेकरांनी पायाखाली काय काय घातलं आणि का घातलं, ते बघावं लागतं.

पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या करण्याची लाट आली तेव्हा मी नुकता साइटवर जायला लागलो होतो. नारायण पेठेतल्या एका वाड्याचं जोतं बिगाऱ्यांनी पहारीनं आणि टिकावानं फोडलं, तेव्हा त्याचा उभा छेद समोर आला. बाहेरून काळ्या बेसॉल्टचे घडीव दगड, चुन्यात बसवलेले, इतके चोख की सांध्यात पहार शिरत नव्हती. त्यांच्या पोटात ओबडधोबड दगडांचा आणि मातीचा भराव. मधल्या जागेत मुरूम, थराथरानं टाकलेला. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केल्याची रेघ स्पष्ट दिसत होती. मुरमावर हातभर पांढरी माती. आणि सगळ्यांत वर, बोटाच्या दोन पेरांएवढ्या जाडीत, एकावर एक बसलेले शेणाच्या सारवणाचे पापुद्रे. मुकादमानं नखानं एक पापुद्रा उचकटला तर खालून दुसरा निघाला, त्याच्याखालून तिसरा. किती पिढ्यांच्या बायकांचे हात त्या दोन पेरांत दबले होते, त्याचं माप काढायला कुठल्याच दरसूचीत बाब नाही.

हे जोतं थंडी अडवायला नव्हतं आणि उष्णता अडवायलाही नव्हतं. ते ओल अडवायला होतं. पुण्याची जमीन दोन तऱ्हेची. बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. पण नदीकाठी आणि ओढ्यांच्या आसपास काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमिनीतलं पाणी बारीक मातीच्या छिद्रांतून वर चढतं. जाड मुरूम आणि दगडांच्या मोठ्या फटींमध्ये त्याची चढण तुटते. म्हणून खाली दगड, वर मुरूम, त्याच्यावर बारीक माती, हा क्रम. मुठेचं पाणी चढलं किंवा रस्त्यावरून ओघळ आला तर तो जोत्याच्या पायरीशी थांबायचा, हा वेगळा फायदा.

यात एक आडफायदाही होता. कोरडी माती ओल्या मातीच्या निम्म्याहून कमी उष्णता वाहते. म्हणजे जोत्यातला भराव कोरडा राहिला की तो थोडंफार इन्सुलेशनचं काम आपसूक करायचा. डिसेंबरच्या पहाटे घरातली ऊब झपकन खाली जायची नाही, आणि मे महिन्यात जमिनीचा गारवा मात्र हळूहळू, दिवसभर मिळत राहायचा.

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. दोनच खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीला आजी ऐटीत माजघर म्हणायची. बाहेरच्या खोलीत शहाबादी फरशी होती, माजघरात मातीची जमीन. सारवायचा दिवस आला की आजी पदर खोचून बसायची. आधी उखडलेल्या जागा बघायच्या, तिथे मुरूम आणि भिजवलेली माती भरून चोपण्यानं चोपायची. मग बादलीत शेणाचा काला, त्यात मूठभर पांढरी माती. पोतेरं त्यात बुडवून ती पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि उकिडवी मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. हात अर्धगोल फिरायचा. एका ओळीची कड दुसऱ्या ओळीखाली झाकली जायची. शेवटी उंबऱ्याबाहेर उभी राहून ती सगळी जमीन एकदा निरखायची आणि आम्हाला दम द्यायची, "सुकेपर्यंत कुणी आत पाय टाकाल तर बघा." वाळलेल्या जमिनीच्या कडेनं रांगोळीची बारीक रेघ.

इस्टिमेटच्या भाषेत सांगायचं तर या जमिनीचा भांडवली खर्च जवळपास शून्य आणि देखभालीचा खर्च भरमसाट; फक्त तो बायकांच्या कंबरेतून वसूल होत असल्यामुळे कुठल्याच वहीत चढला नाही. मातीच्या जमिनीचं गुणगान गाणाऱ्यांनी हे आधी लिहून ठेवावं.

पण तिचा एक गुण खरा होता. थंडीत ती पायाला चावायची नाही. बाहेरच्या खोलीतली शहाबादी फरशी आणि आतली जमीन, दोन्हींचं तापमान सारखंच असणार. एकाच छपराखाली, एकाच जोत्यावर. तरी फरशीवर पाय टाकला की शिरशिरी यायची आणि माजघरात नाही. कारण दगड तळपायातली ऊब भराभर ओढून घेतो; सच्छिद्र मातीत ती ओढ कमी. पायाला जे कळतं ते जमिनीचं तापमान नसतं, आपल्या अंगातली उष्णता किती वेगानं चालली आहे ते असतं.

आणि या ओढीवर पुण्याच्या घरांनी जो तोडगा काढला होता तो मला अजून कुठल्याही कोष्टकापेक्षा हुशारीचा वाटतो. जेवायला पाट. बसायला चटई किंवा जाजम. झोपायला खाली घोंगडी, तिच्यावर गोधडी. म्हणजे इन्सुलेशन होतंच, पण ते जमिनीखाली नव्हतं, माणसाखाली होतं. जिथे बसायचं तेवढ्याच जागेला आणि तेवढ्याच वेळेपुरतं. उन्हाळा लागला की जाजम गुंडाळून माळ्यावर जायचं आणि दुपारी मंडळी ओल्या फडक्यानं पुसलेल्या उघड्या जमिनीवर पाठ टेकायची. तीच जमीन थंडीत झाकलेली, उन्हाळ्यात मोकळी. जमिनीत कायमचं पुरलेलं इन्सुलेशन ही उलटापालट करू शकत नाही.

मातीच्या जमिनीचा पुण्यातला शेवट सुरू झाला तो प्लेगनं. १८९७ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत रँडच्या प्लेग कमिटीची गोऱ्या शिपायांची पथकं घराघरांत शिरत होती. रोगी हलवायचे, सामान बाहेर काढायचं किंवा जाळायचं, भिंतींना चुना फासायचा, जंतुनाशक ओतायचं आणि मातीच्या जमिनी खणून काढायच्या. रोग जमिनीत मुरतो अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. त्याच उन्हाळ्यात, ३० एप्रिल १८९७ ला, पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि शिवाजीनगरच्या नोंदींत आजही तोच उच्चांक म्हणून सांगितला जातो. माजघराच्या गार जमिनीची सगळ्यांत जास्त गरज होती तेव्हाच कुणाकुणाच्या जमिनी कुदळीनं उकरलेल्या होत्या. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. जमिनींचा इतिहास त्याच्या सावलीत राहिला.

प्लेगनंतर धुता येणारी जमीन ही चैन राहिली नाही, ती शहाणपणाची खूण झाली. तोवर रेल्वेनं तिची सोयही करून ठेवली होती. लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्याला पोहोचला आणि पुढे सोलापूरवरून १८७१ पर्यंत रायचूरला. त्या वाटेवर, वाडी जंक्शनच्या अलीकडे, शहाबाद. तिथला चुनखडक नैसर्गिक थरांतच बसलेला आहे; पहार घातली की सपाट पाटच्या पाट सुटतात. पुण्याचा काळा दगड सपाट करायचा तर पाथरवटानं तासन्‌तास टाकी मारायची. शहाबादच्या दगडाला ते काम निसर्गानंच अर्धं करून दिलेलं. त्यामुळे दूरवरून वॅगनमधून आलेली फरशी घरच्या दगडापेक्षा परवडू लागली. चुन्यात बसवायची, दरजा भरायच्या, झालं. वाड्यांच्या ओसऱ्या, देवड्या, स्वयंपाकघरं, पुढे चाळींचे जिने आणि शाळांचे व्हरांडे, सगळीकडे ती करडी-निळसर फरशी पसरली. अनेक वर्षं वापरून झिजली की तिला जो गुळगुळीतपणा येतो तो कुठल्याही पॉलिशनं येत नाही.

१९२२ मध्ये मुंबईत फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी भारत टाइल्स सुरू केली. परदेशी टाइलला स्वदेशी उत्तर म्हणून सिमेंटच्या रंगीत नक्षीदार टाइल्स निघू लागल्या. डेक्कन जिमखान्यावरच्या बंगल्यांमध्ये अशा नक्षीदार जमिनी दिसायच्या. मग मोझॅकचं राज्य आलं. मी कामाला लागलो तेव्हा मोझॅक टाइल म्हणजे फ्लॅटची इज्जत होती. ती बसवल्यावर घासाईचं मशीन यायचं. दिवसचे दिवस घरभर करडा चिखल वाहायचा, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची भुकटी टाकून चमक काढायची. नव्वदीनंतर व्हिट्रिफाइड आली. घासाई गेली, सांधे दिसेनासे झाले.

या सगळ्या प्रवासाची दिशा एकच होती: जमीन धुवायला सोपी होत गेली आणि पायाला गार लागत गेली. ज्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नव्हती त्या घरात घरातल्या स्लीपर आल्या. पाट गेले, डायनिंग टेबल आलं. घोंगडी गेली, पलंग आले. बूड जमिनीपासून दीड फूट वर गेल्यावर जमिनीच्या गारव्याचा प्रश्न फक्त तळपायांपुरता उरला.

जमिनीत उष्णतेचं काय काय होतं याचा शास्त्रीय अभ्यास ज्या मोजक्या शहरांत फार पूर्वी झाला त्यांत पुणं आहे, हे पुणेकरांनाही सहसा ठाऊक नसतं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्य ठाणं सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९३२ मध्ये तिथे कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू झालं आणि ते एल. ए. रामदास यांच्याकडे गेलं. रामदासांचा सगळा ध्यास जमिनीलगतच्या चार-सहा फुटांचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सगळ्यांत गार हवा अगदी जमिनीला टेकलेली नसते, तिच्या थोडी वर असते, हे त्यांनी दाखवलं आणि त्या काळात कुणाचा विश्वास बसेना. आज त्या थराला जगभर रामदास थर म्हणतात.

त्यांनी आणि आर. के. द्रविड यांनी काळ्या मातीच्या तुकड्यावर पांढरी भुकटी पसरून खालची तापमानं मोजली. १९३६ मध्ये ते काम छापून आलं. ऊन परतवलं की माती खोलवर गार राहते, हे आकड्यांनिशी सिद्ध झालं. गच्चीला पांढरा रंग देणारे आजचे लोक तेच करतात. उघड्या मातीचा पृष्ठभाग उन्हाळ्याच्या दुपारी साठ अंशांच्या वर जातो, पण ती लाट आत शिरता शिरता दमते. फूटभर खाली दिवस-रात्रीचा फरक नावापुरता उरतो. आणखी खाली, तीन-चार मीटरवर, उन्हाळा-हिवाळ्याचाही फरक फारसा राहत नाही. तिथे वर्षाच्या सरासरीच्या आसपासचं तापमान असतं, पुण्यात साधारण पंचवीस ते सत्तावीस अंश. घराखालची माती तर कायम सावलीत. म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येक पुणेकराच्या पायाखाली बाराही महिने पंचवीस-सत्तावीस अंशांचा साठा पसरलेला आहे, आणि त्याचं बिल येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. माझा भाचा बरीच वर्षं म्युनिकजवळ राहतोय. बावधनला त्यानं एक छोटं रो-हाउस बांधायला काढलंय, परत येऊन राहण्यासाठी. त्याचा फोन आला. "मामा, जमिनीखाली शंभर मिलिमीटर एक्सपीएस टाकायचंय. इकडे त्याशिवाय कुणी घर बांधतच नाही. इस्टिमेटमध्ये घ्या." एक्सपीएस म्हणजे थर्मोकोलच्या जातीतली, पण घट्ट आणि पाणी न पिणारी शीट.

तिकडचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. जर्मनीत डार्मस्टाटच्या क्रानिकश्टाइन भागात १९९१ मध्ये पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्ये, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणाऱ्या घरात, लोक राहायला आले. त्याच्या तळमजल्याखाली पाव मीटर जाडीचं इन्सुलेशन आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत १९९० पासून तळमजल्याच्या जमिनीलाही उष्णतागळतीची मर्यादा आली. तिथे आत वीस अंश हवेत आणि जमीन दहाच्या आसपास. हिटर सहा-सात महिने चालतो. जमीन तिथे उष्णता चोरते आणि त्या चोरीला पैसे पडतात.

मी भाच्याला दोन्ही गावांचा ढोबळ हिशेब करून पाठवला. दहा मीटर बाय दहा मीटरचं घर धरलं. उघड्या काँक्रीटच्या जमिनीतून चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ०.७ वॅट जातात. पन्नास मिलिमीटर एक्सपीएस घातलं की ते ०.३५ च्या आसपास येतात. म्युनिककडच्या थंडीला, तीन हजारांच्या घरातले हीटिंग डिग्री डेज (थंडी किती आणि किती दिवस, याचं एकत्र माप) धरले तर, वर्षाला अडीच हजार युनिट उष्णता वाचते. शंभर मिलिमीटरला आणखी थोडी. तिकडच्या दरानं शीटचे पैसे काही वर्षांत फिटतात आणि घर पुढची पन्नास वर्षं त्यावर जगतं.

तीच शीट, तेच घर, बावधनला. थंडीत हिटर नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता खरा, पण अशा रात्रींसाठी गोधडी पुरते. म्हणजे थंडीतली बचत शून्य युनिट. एप्रिलच्या दुपारी घरात एकतीस अंश आणि खाली सत्तावीस; शंभर चौरस मीटरची उघडी जमीन सुमारे तीनशे वॅट सतत खाली ओढत राहते. चार छतपंख्यांच्या विजेइतका गारवा, फुकट. पन्नास मिलिमीटर शीट घालून तो आपण निम्म्यावर आणायचा आणि शंभर घालून त्याहून खाली. शिवाय फरशी आणि तिच्याखालचा मातीचा जाड थर दिवसा उष्णता पोटात घेतात आणि रात्री खिडक्या उघडल्यावर सोडतात. मधे शीट आली की माती या देवघेवीतून बाद होते. वर वाळवी. तिला फोम खायला आवडत नाही, पण त्यातून बोगदे काढायला फार आवडतं, आणि फोममधला बोगदा वरून दिसत नाही.

म्हणून पुण्यात या बाबीचा परतावा कमी आहे असं म्हणणंही पुरेसं नाही. तो उणे आहे. पैसे देऊन गारवा घालवायचा सौदा.

हाच पैसा वर नेला की आकडे उलटे होतात. वाड्यांना वर कौलं, खाली हवा खेळणारा माळा, त्याखाली कडीपाट आणि मातीचा थर. उन्हाला माणसापर्यंत यायला तीन टप्पे होते. स्लॅब आली आणि सगळे टप्पे एकात आटोपले. एप्रिलच्या दुपारी उघड्या स्लॅबचा माथा साठ अंशांपर्यंत तापतो. तिच्यातून दर अंशाला साडेतीन वॅट. शंभर चौरस मीटरमागे जवळपास दहा किलोवॅट उष्णता आत झिरपते. तीच पन्नास मिलिमीटरची शीट गच्चीवर घातली तर दीड-दोन किलोवॅटवर येते. पुण्याचे गवंडी गळती थांबवायला गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करायचे आणि वर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवायचे. पाण्यासाठी केलेल्या त्या कामानं ऊनही बरंच परतवलं.

नियमांचाही रोख तोच आहे. २०१८ च्या इको निवास संहितेनं छताला मर्यादा घातली, चौरस मीटरला दर अंशाला १.२ वॅट, भिंती आणि खिडक्यांना मिळून वेगळी. तळमजल्याच्या जमिनीला स्वतंत्र मर्यादा नाही. पुणे महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते ती सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत यांना. जमिनीखालच्या फोमची आठवण तिथेही कुणाला झाली नाही आणि ते योग्यच झालं.

मात्र पुणेकरांच्या हातून जमिनीचा गारवा निसटला तो फोममुळे नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांमधले वाडे मातीच्या भिंतींसकट विरघळून खाली बसले. उरलेल्यांचं आयुष्य पुढे वाटण्या, भाडेकरू आणि विकसक यांच्यात संपलं. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींचा तळमजला हळूहळू पार्किंगला गेला. आधी स्कूटर, मग मोटारी. आज कुठल्याही पेठेत बघा, पूर्वी जिथे माजघर होतं तिथे खांब आणि गाड्या आहेत. जमिनीला टेकून राहणारा पुण्यात बहुतेक फक्त वॉचमन.

पार्किंगवरच्या पहिल्या मजल्याचे लोक मला विचारतात, "आमच्या फ्लोअरला तरी इन्सुलेशन करू का?" तिथे निदान प्रश्न रास्त आहे, कारण खाली माती नाही, हवा आहे, आणि दुपारी ती छत्तीस अंशांची असते. पण तुमचा एसी रात्री बेडरूममध्ये चालत असेल तर त्या वेळी पार्किंगमधली हवाच सत्तावीसवर आलेली असते; वाचवायला काही उरत नाही. घरात दिवसभर एसी लावून क्लिनिक किंवा ऑफिस चालवत असाल तर पार्किंगच्या छताला खालून शीट लावण्याचा हिशेब जमू शकतो. मग सोसायटीच्या सभेतून परवानगी काढा. तो खर्च इस्टिमेटमध्ये धरता येत नाही.

भाच्याला मी शेवटी जो कागद पाठवला त्यात जमिनीच्या बाबी अशा: मुरूम भराव, थराथरानं पाणी मारून धुम्मस, २३० मिलिमीटर दगडी सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, ओल अडवायला, काँक्रीट, वर शहाबादी फरशी. एक्सपीएसची अख्खी रक्कम जमिनीतून काढून गच्चीवर लिहिली. जाडी शंभरऐवजी पन्नास केली, तर उरलेल्या पैशात पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जे बसले. एकूण आकडा जिथल्या तिथे राहिला.

त्याचा पुन्हा फोन आला. सगळं पटलं होतं, एक शंका होती. "पण मामा, डिसेंबरात आईचे पाय गारठतील त्याचं काय?"

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हे विचारायची गरजच नव्हती. ती त्याच माजघरात वाढली आहे. मी कागदाच्या शेवटी एक ओळ वाढवली: सतरंज्या, नग चार, दर बाजारभावाप्रमाणे.